कापसात ठेवलेला फोन

ता. १२ नोव्हें., सोमवार

आधी हे लिही रेखा. प्रकाश, तुला आई आहे. गिरजाबाई नाव. विसरला असशील म्हणून पहिल्याच ओळीत टाकलं. बाकीचं विसरलास तर नवल नाही. विळा धुऱ्यावर, दुपट्टा काट्यावर, चप्पल देवळाबाहेर. स्वतःच्या लग्नात बाशिंग घरी ठेवून मांडवात गेलेला माणूस तू. एवढं मात्र खरं की विसरलेलं घ्यायला परत येतोस. एका चपलेसाठी केळापूरच्या जत्रेत पायी उलटा गेला होतास. दुसरी चप्पल हातात.

रेखा म्हणते, आत्याबाई, रोजनिशी स्वतःसाठी असते. मग मी स्वतःसाठीच सांगते आहे. मला वाचता येत नाही, ते काम तुझं. आल्यावर वाच. आणखी म्हणते, तुमचं मले-तुले मी वहीत मला-तुला करते. कर बापा. सातवी पास बायको केलीस त्याचा काही उपयोग व्हावा.

काल तू आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलास. बोंडअळीनं दुसरा वेचा खाल्ला, तिसऱ्याला हात लावायची सोय ठेवली नाही. जाताना माझ्या लग्नातला डबा नेलास. माझ्या भावानं नाव कोरून दिलेला, एका बाजूनं चेपलेला. म्हटलं सांभाळ. "हो माय." तुझं हो मला माहीत आहे.

आणि हा फोन. परवा घेऊन दिलास. मी म्हटलं, कायले? तू म्हणालास, माझं तोंड दिसंल. तीस वर्षं पाहून राह्यली, अजून किती दाखवतो.

एसटीच्या पायरीवर चढता चढता शेवटचं बोललास ते विम्याचं. "पंधरा दिवसांत याचा विमा निघते. काच फुटली तर नवी देतात. काढून घेजो माय." गाडी निघाली म्हणून मला बोलता आलं नाही. नाहीतर बोलणार होते.


ता. १४ नोव्हें., बुध.

तुझा फोन आला. नावं वाचता येत नाहीत म्हणून तू सगळ्यांची चित्रं बसवून दिलीस ते बरं झालं. रेखाचा भाऊ गजानन, त्याला मोटारसायकल. पांढरकवड्याचा मोबाइल दुरुस्तीवाला सलीमभाई, त्याला पेचकस. तुझ्या जागी आपला ढवळ्या बैल, कारण हाक मारली तर दोघंही ओ देत नाहीत. हे मीच सुचवलं होतं. तू हसला होतास. दसऱ्यापासून हसलेला तेवढाच.

आज ढवळ्या थरथरला, मी उचलला. तुझं तोंड नाही दिसलं, आवाजच आला. जिनिंगवर माल येत नाही, एकच पाळी चालू. जेवलास का विचारलं तर म्हणालास, विमा काढला का.


ता. १७ नोव्हें., शनि.

मी नि रेखा पांढरकवड्याला जाऊन आलो. सलीमभाईच्या दुकानात विमेवाला बसतो. गळ्यात टाय, पायात स्लिपर. म्हटलं, समजावून सांग, मला घाई नाही.

पडला, काच फुटली, तर मिळते. पाण्यात गेला, तर मिळते. किती दिवसांत कळवायचं तेही ठरलेलं. मी विचारलं, हरवला तर? म्हणाला, "आजी, हरवल्याचं यात बसत नाही."

मी म्हटलं मग मागच्या साली पिकाचा काढला होता, तेव्हाचा विमेवालाही असाच सांगत होता. पाहणीला आलेला माणूस गाडीवरून उतरलासुद्धा नाही. रस्त्यावरूनच बोलला, झाड तर हिरवं आहे. हिरवंच होतं ते. अळी बोंडात होती. ओटीत बोंडं घेऊन मी धावले, फोडून दाखवते म्हणून. तोवर धूळ उडाली होती.

विमेवाला म्हणाला, ती कंपनी वेगळी, ही वेगळी. सलीमभाई पेचकस कानामागे लावून हसला. त्याचा बाप पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, आपला पंप त्यानंच दोनदा उठवला. त्याला विचारलं, तू काय म्हणतो? "मावशी, काढाल तर वाया जाणार नाही. नाही काढाल तर मी आहोच."

शेवटचा दिवस २४, शनिवार. ठरवून येते म्हटलं आणि घरी आले.


ता. १९ नोव्हें., सोम.

रेखाचं म्हणणं, विमा काढून टाका. त्यांनी सांगितलंय ना. रेखाच्या बाजूनं एक मत, तुझं एक. माझ्या बाजूनं मी नि ढवळ्या. बरोबरी झाली.

मग मला सुचलं. फोनला भीती कशाची? पडायची. मग पडूच नये अशा जागी ठेवावा. कापसाच्या खोलीत ढीग आहे. इतर साली आढ्याला टेकायचा, आम्ही शिडी लावून कापूस काढायचो. आता माझ्या गुडघ्याला येतो, आणि मी काही उंच नाही. पण फोनला तेवढा पुरे. माझ्या जुन्या चोळीत गुंडाळला आणि कोपऱ्यात हातभर आत खुपसला. सकाळ-संध्याकाळ काढून पाहायचा. याच्याहून मऊ विमा कोणत्या कंपनीकडे आहे?

रेखा झाडू घेऊन अंगण झाडायला लागली. ती अशी झाडायला लागते तेव्हा तिचंच खरं असतं, हे तुलाही माहीत आहे.


ता. २१ नोव्हें., बुध.

संध्याकाळी फोन काढला तेवढ्यात ढवळ्या थरथरला. नशीब.

तू म्हणालास, जिनिंगवरून कमी केलं. माल नाही तर माणसं कायले ठेवतील. मुकादम म्हणतो, निजामाबादकडे काम आहे, पाहतो. मी म्हटलं घरी ये. म्हणालास, "घरी येऊन काय करू माय? कापसाची पऱ्हाटी मोजू?"

  मग म्हणालास,

"माझ्या फोनची बॅटरी फुगली. आता दुसऱ्याच्या फोनवरून करीन. उचलजो मात्र."

"म्या कव्हा नाही उचलला?"

विम्याचं या वेळेला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं. मीच रेखाला म्हटलं, शनिवारी जाऊ आणि काढून टाकू. तो म्हणतो तर.


ता. २३ नोव्हें., शुक्र.

रेखा लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, लिही. माझं आहे ते माझ्या नावावर लिही.

सकाळी व्यापाऱ्याची गाडी न सांगता आली. आज नेतो, नाहीतर पुढच्या पंधरवड्यात पाहू. किडका, पिवळा पडलेला कापूस, त्याला कवडी म्हणतात, तो वेगळा काढा म्हणाला. मी म्हटलं वेगळा काढला तर तुझ्या गाडीत काय भरशील. त्या भांडणात माझं तोंड अडकलं. हमालांना चहा ठेवला. चादरी बांधून बांधून माल गाडीत गेला. दोघं जण गाडीत उभे राहून पायानं तुडवत होते, दाबून बसावा म्हणून. दरवर्षी तुडवतात. मी ओट्यावरून पाहत होते. एवढासा कापूस, तुडवायचं तरी काय, असं म्हणालेसुद्धा.

गाडी मारुतीच्या देवळापुढून वळली आणि मला फोन आठवला.

खोलीत गेले. खोली रिकामी. कोपऱ्यात सरकी पडलेली.

गजाननाला बोलावून रेखा त्याच्या मोटारसायकलवर व्यापाऱ्याच्या मागे गेली. वजनकाट्यावर माल ओतला तेव्हा चोळी निघाली. आत फोन. काचेवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखं झालेलं. पण दिवा लागत होता. रेखानं तिथंच पाहिलं. अकरा ते बारामधले पाच फोन, एकाच नंबरचे. ओळखीचा नंबर नव्हता.

अकरा ते बारा. तेव्हा तुडवत होते. त्यांच्या पायाखाली वाजत होता फोन आणि कापसानं आवाज बाहेर येऊ दिला नाही. मी दहा पावलांवर चहा गाळत होते.

रेखानं तिथूनच उलट फोन लावला. आदिलाबादच्या बसस्टँडवरचा चहावाला निघाला. मराठीत तेलुगू कालवून बोलतो. म्हणाला, हो, एक भाऊ आला होता, माझ्या फोनवरून पाच वेळा लावला. म्या म्हटलं, उचलत नसंल तर मंग कर. तर म्हणे, माझी माय अशी करत नाही. चहा अर्धा ठेवला नि ट्रक उभे राहतात तिकडे गेला. बसला का, कुठल्या ट्रकात, ते पाहिलं नाही. गिऱ्हाईक होतं.

तुझा फोन बंद. रेखानं किती वेळा लावला ते मला मोजता येत नाही.


ता. २४ नोव्हें., शनि.

शेवटचा दिवस. आम्ही गेलो. कायले गेलो ते सांगता येत नाही, ठरलं होतं म्हणून गेलो.

सलीमभाईनं फोन उजेडात धरला. काच गेली, आतलं सगळं शाबूत आहे म्हणाला. विमेवाल्यानंही पाहिलं. फुटलेल्या फोनचा विमा निघत नाही. मग इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, "आजी, आज मुदत आहे. मी दुसऱ्या चांगल्या फोनचा फोटो टाकतो, नंबर तुमचा. आठ दिवसांनी फुटला म्हणून सांगू. कंपनी फोन नागपूरला नेईल, वीस दिवसांनी नवा हातात." सलीमभाई म्हणाला, मावशी, मी यात नाही. आणि मान खाली घालून कामाला लागला.

रेखा माझ्याकडे पाहत होती. तिला हवं होतं. तिचंही बरोबर, तुझं तोंड दिसणारा फोन एकच.

मी विमेवाल्याला म्हटलं, तुझ्या भावानं रस्त्यावरून पाहून मेलेलं पीक जितं लिहिलं. आता मी फुटलेला फोन अख्खा लिहू? मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय राह्यला. दुकानातले दोघं-तिघं मान हलवून राहिले. म्हातारी मोठी खरी बाई.

खरं कारण ते नव्हतं. ते तुलाच सांगते. त्या फोनमध्ये तुझे पाच फोन आहेत. पाच लाल बाण, एकाखाली एक. मला वाचता येतं ते तेवढंच. नवीन फोनात ते येतील का, विचारलं. सलीमभाई म्हणाला, खात्री नाही. म्हणून नाही दिला.

सलीमभाईनं काचेवर पारदर्शक पट्टी लावून दिली. बोट कापू नये म्हणून.


ता. २५ नोव्हें., रवि.

मुदत संपली. काही झालं नाही. कालच्यासारखाच दिवस उगवला. फोन आता कमरेला बांधलाय. विहिरीवर, रानात, जेवताना. वाजत नाही.


ता. २८ नोव्हें., बुध.

रेखा नि गजानन आदिलाबादला जाऊन आले. जिनिंगवाल्यांनी वहीत पाहून सांगितलं, एकवीस तारखेला हिशेब देऊन सोडला. मुकादम निजामाबादला. त्याच्याशी फोनवर बोलणं झालं, तो म्हणाला, प्रकाश आमच्यात आलाच नाही, स्टँडवरून येतो म्हणाला नि आला नाही.

चहावाल्यानं ती जागा दाखवली. तू उभा होतास ती. रेखा तिथं उभी राहून आली. काय दिसतं तिथून, मी विचारलं. म्हणाली, ट्रकच ट्रक, कापसाचे.

आपल्या ठाण्यात कागद दिला. जमादार चांगला बोलला. मोठा माणूस आहे, येईल. फोटो मागितला. रेखाकडे लग्नातला होता. बाशिंगाशिवायचा.


ता. ३ डिसें., सोम.

काही नाही.


ता. ७ डिसें., शुक्र.

लोक येतात, बसतात. पलीकडची शांता म्हणाली, विमा काढला असता तर. मी म्हटलं, तर काय, कंपनीनं कापसात कान लावला असता? ती उठून गेली. नंतर मला वाईट वाटलं. मनानं वाईट नाही ती. सगळ्यांना काहीतरी बोलावं लागतं.

मी हिशोब करते, कुठं चुकलं. विमा काढला असता तरी फोन कापसातच असता. कापसात नसता तर अंगणात पडून फुटला असता, पण वाजला तर असता. फुटल्याचं दुःख नाहीच मला. इतका जपला की तुझी हाक आत येईना. तुला लहानपणी असंच जपलं होतं. दोन लेकरं गेल्यावर तू झालास. काळा दोरा, काळा टिळा, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून पदराखाली. त्यात तू कधी रडलास आणि मला ऐकू आलं नाही, असं झालं असेल का?

हे खोडू नको रेखा.

परवा रात्रभर ढवळ्या हंबरला. खरा, गोठ्यातला. मी उठून फोन पाहिला.


ता. ११ डिसें., मंगळ.

दुपारी फोन वाजला. पट्टीखालची काच बोटाला दाद देईना. तीनदा ओढलं, चौथ्यांदा उचलला. 

चहावाला होता. रेखा जवळ आली, कान लावला. तो म्हणाला, तुमच्या माणसाचा डबा सापडला. चहावाल्याच्या बायकोनं आपल्याच भांड्यांत मांडून टाकला होता. काल घासताना नाव दिसलं. गिरजा. गिऱ्हाइकांत कोणी गिरजा नाही, मग त्याला आठवलं.

मी विचारलं, एका बाजूनं चेपला आहे का? "हो."

आत काही होतं का? रिकामा, म्हणाला. धुतलेला.

धुतलेला कोणी? बायकोनं, की तू ठेवलास तेव्हाच? ते त्याला माहीत नाही.

रात्री रेखा भाकरी थापता थापता थांबली. तव्यावरची करपली तरी उलटेना. म्हणाली, "आत्याबाई, ते विसरले का ठेवून गेले?"

मी म्हटलं, वही आण. पहिलं पान वाच. तिनं वाचलं. विळा धुऱ्यावर, दुपट्टा काट्यावर, चप्पल देवळाबाहेर. पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचलं. विसरभोळा आहे माझा पोरगा. लिहून ठेवलं आहे, तारीख घालून. त्या दिवशी मला काय माहीत होतं.

विसरला असशील तर येशील. चपलेसाठी गेला होतास तसा. आणि ठेवून गेला असशील तर

रेखानं इथं कागदावरून पेन उचलला. 


ता. १२ डिसें., बुध.

गजानन उद्या आदिलाबादला जातो आहे, डबा आणायला. मी म्हटलं, आणू नको. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, म्हातारीचं फिरलं म्हणून. फिरलं नाही. तो डबा घ्यायला आला आणि डबा तिथं नसला तर? मग तो कशासाठी थांबेल?

तिथंच राहू दे. चहावाल्याला सांग, मांडणीवर पुढं ठेव, नाव बाहेरच्या बाजूला. पण रिकामा ठेवायचा नाही. रिकामा डबा पाहून माणूस पुढं जातो. दर आठवड्याला इथून कोणी ना कोणी तिकडे जातंच, शिळं काढून ताजं भरायचं. चहावाल्याच्या घरची लेकरं खातील तर खाऊ दे. विमेवाल्याला निरोप सांग गजानन, म्हातारी हप्ता भरायला लागली म्हणून. हरवल्याचा.

सलीमभाई म्हणतो नवी काच आली आहे, बाण जात नाहीत, समोर बसवून देतो. पाहू. अजून ठरवलं नाही.

रेखा, पुरे आता, चुलीकडे जा. दशम्या ज्वारीच्या कर, दुधात भिजवलेल्या, म्हणजे चार दिवस मऊ राहतात. दुसऱ्या डब्यात दे, गजानन तिथं माझ्या डब्यात काढून ठेवील. सोबत जवसाची चटणी. लसूण बेतानं. लोणचं देऊ नको, गळतं. चटणीत मिरच्या मात्र दोन जास्त घाल. खाताना ठसका लागला म्हणजे कळेल त्याले, कोण आठवण काढून राह्यलं ते.